सरड्यांची शिरगणती

मुलांनो, शेताचा सातबारा कधी नीट वाचून पाहिलाय? त्यात एक गमतीदार शब्द असतो, 'पोटखराब'. पोट बिघडण्याशी त्याचा काही संबंध नाही बरं का! शेतातली जी जागा खडकाळ, मुरमाड, काट्याकुट्याची आहे, जिथे पीक घेता येत नाही, तिला महसूल खात्याच्या भाषेत पोटखराब म्हणतात. मोठ्या माळरानांना आणि कातळी पठारांना आपण तसंच 'पडीक' म्हणून मोकळे होतो. पडीक म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे काहीही बांधायला मोकळी!

पण ती जागा खरोखरच रिकामी असते का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात चिंचपाडा नावाचं गाव आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे एक छोटंसं स्टेशन. याच मार्गावरचं नवापूर स्टेशन तर फारच प्रसिद्ध आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत! नागपूर-सुरत महामार्गही याच भागातून जातो. आजूबाजूला सागाचे डोंगर, भाताची खाचरं, मधूनच उघडे माळ. पूर्वी हा लोहमार्ग एकेरी होता, आता दुहेरी झालाय. रस्ते रुंद होतात, त्यांच्या कडेला गोदामं, पेट्रोलपंप, कारखाने येतात. ते यायला हवेतही, माणसांना काम मिळतं. पण समजा, अशाच एखाद्या माळावर उद्या मोठा कारखाना यायचा ठरला, तर काय होईल? मोजणीवाले येतील. तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र ठेवून जमीन मोजतील. कोणीतरी झाडं मोजेल. विहिरी, घरं, विजेचे खांब, सगळ्याची नोंद होईल.

आणि दगडाखाली बसलेलं फुरसं? बांधावरची घोरपड? मुरमावर ऊन खात बसलेला सरडा? त्यांना कोण मोजणार? कसं मोजणार? आजचा लेख या मोजणीबद्दल आहे.

न दिसणारे रहिवासी

साप, सरडे, पाली, घोरपडी, कासवं, मगरी हे सगळे सरपटणारे प्राणी. त्यांना 'थंड रक्ताचे' म्हणतात, पण ते काही फारसं खरं नाही. भर दुपारी तापलेल्या खडकावरच्या सरड्याचं रक्त चांगलं गरम असतं! खरी गोष्ट अशी की आपल्यासारखी अंगातली ऊब आतून तयार करणं त्यांना जमत नाही. म्हणून ऊब हवी तर उन्हात, गारवा हवा तर बिळात, असा त्यांचा दिवस जातो. फार थंडी पडली की बाहेर पडत नाहीत. फार ऊन झालं तरी पडत नाहीत. त्यातून ते आवाज करत नाहीत. रंग तर असा की दोन हातांवर असूनही दिसू नये.

पक्ष्यांची मोजणी त्यामानाने सोपी. पक्षी गातात, उडतात, झाडाच्या शेंड्यावर बसतात. वाघाच्या पावलांचे ठसे उमटतात, त्याच्यासाठी कॅमेरे लावता येतात. पण मण्यार मोजायची तर? ती निघते रात्री. मांडूळ दिवसभर भुसभुशीत मातीत. वाळा साप तर एवढासा आणि जमिनीखाली राहणारा, की बघणाऱ्याला गांडूळच वाटावं. म्हणजे ज्याने जानेवारीतल्या एका सकाळी गाडीतून उतरून माळावर फेरी मारली आणि कागदावर लिहिलं, 'साप आढळले नाहीत', त्याने खोटं लिहिलं असं नाही. त्याला खरंच आढळले नसतील. पण वाचणारा काय समजतो? 'इथे साप नाहीत!' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हो की नाही?

पत्र्याखाली काय दडलंय?

इंग्लंडमध्ये यावर एक साधी युक्ती करतात. तो देश थंड. तिथे जमिनीवर राहणारे मूळचे सरपटणारे प्राणी फक्त सहा जातींचे, तीन साप आणि तीन सरडे. त्यांपैकी एका सरड्याला पायच नसतात, त्यामुळे लोक त्याला साप समजतात! १९८१ सालच्या वन्यजीव कायद्याने या प्राण्यांना मारणं तिथे गुन्हा ठरवलं. मग एखाद्या गवताळ जागेवर कोणाला घरं बांधायची असली, तर नगरपालिका परवानगी देण्याआधी विचारू लागली : 'तिथे सरपटणारे प्राणी आहेत का, ते पाहिलंत?'

पाहायचं कसं? तर पन्हाळी पत्र्याचे किंवा छपरावर घालतात त्या डांबरी कागदाचे तुकडे जागोजागी गवतात ठेवून द्यायचे. सूर्य वर आला की पत्रा लवकर तापतो. थंडीने आखडलेले साप-सरडे ऊब घ्यायला त्याच्याखाली येऊन बसतात. आठ-पंधरा दिवस पत्र्यांना हातही लावायचा नाही. मग सकाळी किंवा कलत्या उन्हात जाऊन हलकेच उचलून बघायचं. एकदा नाही, निदान सात वेळा! आणि तेही हवा ठीक असेल त्याच दिवशी. साधारण ९ ते १८ अंश सेल्सियस तापमान, जोराचा पाऊस नाही, सोसाट्याचा वारा नाही. एप्रिल, मे आणि सप्टेंबर हे त्यातले चांगले महिने. डिसेंबरात कोणी मोजणी केली तर तिला अर्थच नाही, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात.

प्राणी सापडले म्हणजे घरं बांधायची नाहीत, असं मात्र नसतं. जागेचा एक कोपरा त्यांच्यासाठी राखून ठेवतात, किंवा त्यांना पकडून दुसऱ्या योग्य जागी नेऊन सोडतात. ते परत येऊ नयेत म्हणून बांधकामाभोवती गुळगुळीत प्लॅस्टिकचं बुटकं कुंपण घालतात. आपल्याकडे म्हणतात ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत! तिकडे ती म्हण अगदी शब्दशः खरी करून दाखवली आहे.

आता एक ताकीद. हा पत्र्याचा प्रयोग तुम्ही करायचा नाही. अजिबात नाही! इंग्लंडमध्ये विषारी साप एकच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघे जण आहेत, आणि दगड किंवा पत्रा उचलणारा हात त्यांना आवडत नाही. फुरसं तर आकाराने लहान, पण चिडलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. तो आवाज म्हणजे 'मागे व्हा' अशी सूचनाच समजा. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता माणसाला तडक दवाखान्यात न्यायचं. तिथे प्रतिविष मिळतं. जखमेवर चिरे देऊ नका, रक्त चोखू नका, दोरी करकचून आवळू नका. आई-बाबांनीही एवढं लक्षात ठेवावं.

चाळकेवाडीचा सरडा

आता आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो. साताऱ्याजवळ सज्जनगड, ठोसेघर अशी नावं तुम्ही ऐकली असतील. त्याच बाजूला चाळकेवाडीचं पठार आहे. वर चढून गेलं की नजर जाईल तिकडे जांभा कातळ, खुरटं गवत आणि भणाणता वारा. वारा चांगला, माणसांची वस्ती तुरळक, म्हणून १९९० नंतरच्या काळात तिथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. सगळ्यांना वाटलं, याच्याइतकी निरुपद्रवी गोष्ट नाही.

या पठारावर एक सरडा राहतो. वीतभरही नसेल, एरवी मातकट रंगाचा. पण पावसाळ्याच्या आधी, विणीच्या दिवसांत, नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा आणि भगवा असे तीन झळझळीत रंग! पंखा उघडतो, मिटतो, परत उघडतो. मादीने बघावं आणि शेजारच्या नराने धसका घ्यावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

गंमत म्हणजे या सरड्याला २०१६ पर्यंत स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं. त्याला दुसऱ्याच एका जातीत मोजत होते. त्या वर्षी व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या अशा पंखेवाल्या सरड्यांचा अभ्यास करून दाखवून दिलं की यांच्यात अनेक वेगवेगळ्या जाती आहेत. मोठ्या रंगीत पंख्याच्या सरड्यांसाठी त्यांनी एक नवं कुळनाम तयार केलं. ठाऊक आहे कोणतं? 'सारडा'! आपल्या मराठीतल्या सरड्यावरूनच. चाळकेवाडीचा तो 'सारडा सुपर्बा'. लॅटिन आणि ग्रीक नावांच्या गर्दीत आपला रोजचा शब्द जाऊन बसला, आहे की नाही मौज?

आता विचार करा. पवनचक्क्या आल्या तेव्हा ज्या सरड्याला नावच नव्हतं, त्याची नोंद कोणत्या यादीत होणार होती?

पुढची हकीकत तर आणखी महत्त्वाची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, तसेच अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी या पठारावर काम केलं. पवनचक्क्या तिथे सोळा ते वीस वर्षं फिरत होत्या. त्यांनी पवनचक्क्या असलेल्या जागा आणि शेजारच्याच, पण पवनचक्क्या नसलेल्या जागा यांची तुलना केली. पक्षी मोजले, सरडे मोजले. २०१८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

काय दिसलं असेल? तुम्ही म्हणाल, पवनचक्क्यांनी सरडे कमी झाले असतील. नाही! उलट तिथे सरडे जास्त होते!

मग चांगलंच की, असं वाटेल. एखाद्या घाईतल्या माणसाने फक्त सरडे मोजले असते, तर 'पवनचक्क्या सरड्यांना मानवतात' असा शेरा मारून तो घरी गेला असता. पण या मंडळींनी आकाशाकडेही पाहिलं होतं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. सरड्यांवर झडप घालणारेच कमी झाले, म्हणून सरडे वाढले.

आणि वाढलेले सरडे कसे होते? माणूस सरळ चालत सरड्याकडे जातो, सरडा किती अंतरावर असताना पळतो ते मोजायचं, अशी एक साधी चाचणी असते. पवनचक्क्यांजवळचे सरडे माणसाला बरंच जवळ येऊ देत. भीतीच मोडली होती म्हणा ना! थोडं रक्त घेऊन तपासलं, तर पकडल्यावर अंगात उसळणारं ताणाचं संप्रेरकही त्यांच्यात कमी होतं. अंगाने ते रोडावलेले होते, कारण खाणारी तोंडं वाढली आणि किडे मात्र तेवढेच. आणि ज्या पंख्यासाठी तो सरडा प्रसिद्ध, त्याचे रंगही फिकट पडलेले होते.

मला या अभ्यासातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. कोणीही एकाही सरड्याला मारलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर काही पाती फिरत होती, एवढंच. पण घारी-गरुड दूर गेले आणि खाली जमिनीवरच्या एवढ्याशा प्राण्याचं धाडस, वजन आणि रंगसुद्धा बदलले.

याचा अर्थ पवनचक्क्या नकोत असा कोणी काढू नये. वीज आपल्या सगळ्यांना हवी आहे, आणि कोळशाचा धूर काही पवनचक्कीपेक्षा बरा नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या पठारावर उभारायच्या आणि कोणतं सोडायचं, हे ठरवायला आधी काही माहीत असावं लागतं. चिंचपाड्याच्या मुलांना तर पवनचक्क्या पाहायला साताऱ्यापर्यंत जायलाही नको. शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर त्यांची रांगच्या रांग आहे.

परवानगीचा कागद

आपल्याकडे अशा मोजणीचा कायदा नाही का? आहे. १९९४ साली केंद्र सरकारने पहिल्यांदा नियम केला, की मोठ्या प्रकल्पांनी परिसरावर काय परिणाम होईल याचा अहवाल आधी द्यावा. २००६ साली त्याची जागा नव्या नियमाने घेतली. मोठ्या खाणी, धरणं, कारखाने, तसंच २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं त्यात येतात. अहवालात हवा, पाणी, माती, आवाज यांच्याबरोबर तिथली झाडं आणि प्राणी यांचीही यादी लागते. पवनऊर्जा मात्र या यादीत नाही. म्हणजे चाळकेवाडीसारख्या पठारावर आजही पवनचक्क्या उभारायच्या तर या नियमाखाली सरडे मोजायची सक्ती नाही.

आणखी एक अडचण ऋतूची. पुष्कळ प्रकल्पांसाठी एकाच ऋतूतली, तीही पावसाळा सोडून गोळा केलेली माहिती चालते. हवेतली धूळ मोजायला ते ठीक असेल. पण आपल्याकडे बेडूक, साप, सापसुळ्या यांची खरी लगबग सुरू होते ती पहिल्या पावसानंतर! पावसाळा वगळून केलेली त्यांची मोजणी म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन हजेरी घेण्यासारखं आहे. वर्ग रिकामा, सगळे गैरहजर.

मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते. तिची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. तो कोणालाही वाचता येतो. घरातली मोठी माणसं तो वाचत असतील तर त्यांच्या शेजारी बसून प्राण्यांच्या यादीचं पान जरूर उघडा. ज्या माळावर तुम्ही रोज गुरं घेऊन जाता, तिथली घोरपड त्या यादीत आहे का ते बघा. घोरपड आणि अजगर यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, जागा आहे. त्यामुळे त्यांचं नाव गळलं तर तो साधा लेखनदोष नाही.

नवापूर तालुका हा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ सालच्या पेसा कायद्याप्रमाणे अशा भागात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. शिवाय २००२ सालच्या जैवविविधता कायद्यामुळे प्रत्येक ग्रामपंचायतीची एक जैवविविधता समिती असते आणि गावातले प्राणी, वनस्पती, त्यांची नावं, त्यांचे उपयोग यांची 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायची असते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. साप कोणत्या बांधावर, कोणत्या महिन्यात दिसतो, हे शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या साहेबापेक्षा गुराख्याला जास्त ठाऊक असतं, आणि ते कागदावर यावं, असा त्यामागचा साधा विचार.

एक खोटी चिठ्ठी

चुकीच्या नोंदीने काय घोटाळा होतो त्याचं उदाहरण तर नंदुरबार जिल्ह्यातच आहे. ते सरड्याचं नाही, घुबडाचं आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. ते नामशेष झालं असंच लोक धरून चालले होते. मधे १९१४ सालचा एक नमुना होता खरा. पण तो माइनर्ट्‌झहागन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने संग्रहालयातून लांबवलेला जुनाच पक्षी निघाला. त्याने त्यावर गुजरातेतल्या भलत्याच गावाची चिठ्ठी लावली होती! त्या खोट्या चिठ्ठीने शोधही भलतीकडेच गेला. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ही लबाडी उघडकीला आणली, खऱ्या जुन्या नोंदी तपासल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा शोधून काढला. तब्बल ११३ वर्षांनी! तो तिथेच होता. आसपासच्या लोकांनी त्याला कितीदा तरी पाहिलं असेल, पण त्यांना विचारलं होतं कोणी?

तुमची वही

तुम्हीही नोंदी करू शकता. त्यासाठी कशाला हात लावायचा नाही, बिळात काठी घालायची नाही, दगड उलटायचे नाहीत. बांध, पायवाट, शाळेचं कुंपण अशी रोजची एक वाट ठरवा. आठवड्यातून दोनदा, शक्यतो त्याच वेळी, तिच्यावरून मोठ्या माणसाबरोबर चाला. हळू चाला, चार-पाच पावलं पुढे नजर ठेवून. पायात बूट असू द्या. साप दिसला तर जागच्या जागी थांबा आणि हलकेच मागे सरा. तो आपल्या वाटेने जाईल.

घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, ऊन होतं की आभाळ, पाऊस कधी पडून गेला, काय दिसलं, कुठे दिसलं आणि ते काय करत होतं, हे सगळं लिहा. पंखा उघडलेला सरडा दिसला तर पंख्याचे रंग लिहायला विसरू नका. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. आजीला विचारा. मावचीत, कोकणीत, भिलीत घोरपडीला काय म्हणतात, धामणीला काय म्हणतात, तेही लिहा. 'धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते' असं कोणी सांगितलं तर तेही लिहून घ्या, मात्र त्यापुढे 'हे खरं नाही, सापाला दूध ओढून पिता येत नाही' अशी टीप जोडा. मांडुळाला दोन तोंडं नसतात, हीसुद्धा. या एका खोट्या समजुतीपायी मांडुळांची चोरटी विक्री होते आणि ती करणारे तुरुंगात जातात.

वहीत आणखी एक रकाना आखा : 'पाहिलं, पण दिसलं नाही.' ज्या दिवशी काहीच दिसलं नाही तो दिवसही त्यात तारीख-वेळेसह यायला हवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याच वाटेवर पुन्हा जा, आणि उन्हाळ्यातली पानं शेजारी उघडून ठेवा.